कमळच्या दोन शिट्ट्या

कमळ भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीने आपल्या भाचीची उगाच वाघीण करून ठेवली. ती लिफ्टला भिते. सहाव्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन जिन्याने चढते, आणि वर पोचून धापा टाकत "ताजी हायत" म्हणते, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं ही थेट समुद्रातूनच धावत आली. पालीला भिते, इंजेक्शनला भिते, बँकेतल्या काचेमागच्या बाईला भिते. नवरा रामनाथ दहा-दहा दिवस बोटीवर असतो, वादळाला हसतो. ही घरात मोरीवरचं झाकण हललं तरी मला हाक मारते.

ती माझ्या चुलतभावाची लेक, म्हणून मला आत्या म्हणते. वेसाव्यात तसे सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात, पण आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी दुसरीतून शाळा सोडली, ती चौथीपर्यंत टिकली. म्हणजे दोघींत शिकलेली ती. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचते, पण एक शब्द सोडत नाही. सोडायला भिते.

या वाचण्यामुळेच ती सेवरीनबायच्या तावडीत सापडली. सेवरीनबाय आंबोलीच्या गावठाणातली, ख्रिस्ती, नव्वदीला टेकलेली. दर शुक्रवारी कमळ तिच्याकडे मासळी घेऊन जायची. म्हातारीचे डोळे गेले, मुलं परदेशात, घरात वाचून दाखवणारं कोणी नाही. एका शुक्रवारी तिने कमळला ओट्यावर बसवलं, मराठी बायबल तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तू एक पान वाच गो. मांदेली मी साफ करते. दिसत नसलं तरी हाताला कळतं." तेव्हापासून तिथे गिऱ्हाईक मासळी साफ करायचं आणि कोळीण पुस्तक वाचायची.

आणि एका शुक्रवारी कमळ माझ्या दारात आली ती पांढरीफटक.

"आत्ये, माझ्याकडून पाप झालंय."

"काय केलंस? शिळं विकलंस?"

"थट्टा नको गो. मी म्हातारीला देवाचं चुकीचं वाचून दाखवते."

मग तिने सांगितलं. येशूला कबरीत ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी बायका कबरीवर जातात, तर तोंडावरची धोंड सरकलेली आणि आत कोणी नाही. ही एकच गोष्ट त्या पुस्तकात चार जणांनी चार वेळा सांगितली आहे. कमळने चार शुक्रवारांत चारही वाचल्या. पहिल्यात दोन बायका जातात. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात आणखी कितीतरी. चौथ्यात एकटी मरिया. एकीकडे सूर्य उगवलेला, दुसरीकडे अजून अंधार. देवदूत कुठे एक, कुठे दोन.

"माझं बोट ओळी सोडत असणार," कमळ म्हणाली. "ती उद्या-परवा देवाघरी जाईल आणि तिथे चुकीचं बोलेल. मग पाप कोणाला?"

मी म्हटलं, तिला तिथे कोण परीक्षेला बसवतंय. पण कमळला ते पटेना. पुढच्या शुक्रवारी मीच तिला घेऊन गेले.

सेवरीनबायने सगळं ऐकलं. "बोट बरोबर आहे तुझं. पुस्तकातच तसं आहे," ती म्हणाली.

"मग कोणीतरी खोटं बोलतंय ना, बाय?"

"माझा थोरला प्यायचा. कुठे होता म्हणून त्याच्या तीन दोस्तांना विचारलं, की तिघं तेच सांगायचे, शब्दाला शब्द. तेव्हा मी ओळखायची, हे ठरवून आलेत. हे पुस्तक किती वर्षं मोठमोठ्या शिकलेल्या लोकांच्या हातात होतं. एका दूताचे दोन करायला किती शाई लागते? पण कोणी नीट केलं नाही. ज्याने जसं सांगितलं तसं राहू दिलं."

"पण खरं काय मग?"

"धोंड सरकलेली होती, हे चौघंही सांगतात ना? मग झालं."

मला त्यात फार काही वाटलं नाही. दुसऱ्यांचा देव, दुसऱ्यांचं पुस्तक, चहा मात्र चांगला होता.

त्यानंतर वर्षभरात ती भिंत पडली.

आमच्या आळीच्या टोकाला एक जुनी दगडी भिंत होती. भिंतीच्या पलीकडे इमारतीचं काम निघालं होतं, आणि कामावरच्यांनी भिंतीच्या मुळाशीच खड्डा खणला होता. वॉचमन होता गुणाजी, मालवणकडचा, साठी उलटलेला. बाप गिरणीत होता, गिरणी गेली, मग हा कुठे कुठे करत इथे, भिंतीच्या अलीकडे आमच्या बाजूला, खुर्ची टाकून बसला. काम त्याचं एकच. खणायचं मशीन पलीकडून भिंतीजवळ आलं की शिट्टी वाजवायची आणि भिंतीखालच्या माणसांना हटवायचं.

त्या दिवशी आम्ही चौघी कोळंबी सोलायला बसलो होतो. मी, कमळ, नलिनी आणि कल्पिता. आम्ही सोलायला बसतो ते गोल बसतो. मधे कोळंबीचा ढीग, प्रत्येकीच्या मांडीशी तिचं टोपलं. माझी पाठ भिंतीकडे. कमळ माझ्यासमोर, म्हणजे तिचं तोंड भिंतीकडे. नलिनीचं तोंड खाडीकडे, कल्पिताचं रस्त्याकडे.

शिट्टी वाजली. मग पाठीमागे असा आवाज झाला की माझ्या दातांत घुसला. वळले तर धूळच धूळ. प्रितम नावाचा कामगार आमच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत डबा खात बसला होता. तिशीतला असेल. त्याला बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता.

सुपरवायझर दिपेश. त्याने पोलिसांना सांगितलं की वॉचमन झोपला होता, शिट्टी वाजलीच नाही. ज्या मशीनचा धक्का भिंतीला लागला त्याच्या ड्रायव्हरने तेच सांगितलं. गुणाजीला नेलं. पुढे जामिनावर सुटला, पण माणूस मेल्याचा खटला त्याच्यावर उभा राहिला. तुरुंग होईल असं सगळे म्हणायला लागले. गुणाजी काहीच बोलायचा नाही. नोकरी गेली, पुतण्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजायचा.

शिट्टी वाजली होती की नाही, सगळं एवढ्यावर होतं. ती वाजल्याचं सांगणाऱ्या आम्ही चार कोळणी.

पोलिसांनी जबाब घेतले तेव्हाच घोळ झाला. कमळ म्हणाली दोन शिट्ट्या. नलिनी म्हणाली एकच, लांब. कल्पिता म्हणाली, सारखी वाजतच होती. किती वाजता, असं विचारल्यावर नलिनी म्हणाली, "भरती लागायची होती." कल्पिता म्हणाली, "पाणी सुकून गेलं होतं." आता हे एकच झालं ना? पाणी सुकल्यावर, म्हणजे पुरती ओहोटी झाल्यावरच भरती लागते. पण लिहून घेणारा कुठून तरी आतल्या गावचा होता. त्याने दोघींच्या पुढे दोन वेगळ्या वेळा लिहिल्या.

दीड वर्षाने कोर्टाचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात दिपेश बाजारात आला. मोटरसायकल माझ्या पाटीला टेकवूनच उभी केली. फार गोड बोलला.

"आजी, काय लागतं तुम्हांला त्यात? कोर्टाचे जिने चढायचे, या वयात चक्कर येते. पडलात बिडलात तर?" मग कमळकडे वळून म्हणाला, "तुमचे मिस्टर बोटीवर असतात ना? घरी एकट्याच असता." दोन जोड्या पापलेट घेतली, भाव केला नाही, आणि गेला.

कमळने त्याचे पैसे हातात धरून ठेवले होते. गल्ल्यात टाकेना. "आत्ये, त्याला कसं माहीत मी एकटी असते?"

मी तिच्या हातातून पैसे काढून गल्ल्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी जयवंत आला. जयवंत आमच्याच आळीतला, कोर्टाबाहेर टायपिंगला बसतो, म्हणून आम्हांला तो अर्धा वकील. गुणाजीबद्दल त्याला खरोखर वाटत होतं. त्याने चौघींना त्याच्या ओटीवर बसवलं.

"तुमचे जबाब वाचले मी. वाट लागेल. एकीचं एक, दुसरीचं दुसरं. सरकारी वकील चिंध्या करेल. आता सगळ्यांनी एकच सांगायचं. शिट्ट्या तीन. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. गुणाजी खुर्चीवरून उठला, उजव्या हाताने शिट्टी, डाव्या हाताने इशारा. मग भिंत. चौघींनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणा."

आम्ही म्हटलं. सोलताना म्हटलं, धुणं धुताना म्हटलं. नलिनी तर झोपेत म्हणत असेल. मला शिकवलं होतं की मी मागे वळले आणि सगळं पाहिलं. मी पाठ केलं, कारण गुणाजी आत जाऊ नये एवढंच मला कळत होतं.

कमळ म्हणेना.

"मी दोन ऐकल्या," ती म्हणाली. "हात कुठला होता ते मी बघितलं नाही."

"एक शिट्टी जास्त सांगितलीस तर जीभ झडेल काय तुझी?" नलिनी भडकली. "का दिपेशची पापलेटं गोड लागली?"

"नले, तोंड सांभाळ," मी म्हटलं.

"मी कशाला सांभाळू? तो तिच्याकडून दोन जोड्या नेतो, भाव करत नाही, आणि ही दुसऱ्या दिवसापासून विसरते. आख्ख्या आळीला दिसतंय."

कमळ रडायला लागली. उठून गेली. चार दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. बाजारात तिच्या बाजूची जागा रिकामी राहायची. आणि खरं सांगते, मलाही एकदा वाटलं की ही घाबरून फिरली.

शुक्रवारी तिने हाक मारली. "आत्ये, चल ना माझ्याबरोबर. ती मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी उभी असते."

गेलो. सेवरीनबाय आता अंथरुणावरच होती. कमळने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाय, मी जातच नाही कोर्टात. आजारी पडते. खोटं बोलले तर एकवीरा आई बघते, आणि खरं बोलले तर त्या तिघींचं खोटं ठरतं, गुणाजी आत जातो. माझ्या तोंडानेच जातो."

म्हातारीने चाचपून कमळचं मनगट धरलं. मग म्हणाली, "ते दुसरं आठवतं? तीन बायकांचं?"

"आठवतं."

"शेवट काय होता?"

कमळला सगळं पाठ असतं. "त्या बायका कबरीपासून पळाल्या. घाबरल्या होत्या, म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत."

"जुन्या प्रतींत ते तिथेच संपतं, असं आमचे फादर सांगायचे. कोणाला काही बोलल्या नाहीत. मग तुला कसं कळलं गो? मला कसं कळलं?"

मग म्हातारीच म्हणाली,

"बोलल्या असणार कोणीतरी. थरथरतच बोलल्या असणार. म्हणूनच तर आकड्यांचा मेळ नाही."

परत येताना कमळ रिक्षात माझा हात धरून बसली होती. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती, पण मी सोडवला नाही हात. तिने पुढे काय ठरवलं हे तिने सांगितलं नाही, आणि विचारायला मी भ्यायले.

कोर्टात आम्हांला बाहेरच्या बाकावर बसवलं. साक्ष होईपर्यंत आत जायचं नाही, आणि जी देऊन येईल तिने दुसरीशी बोलायचं नाही, असं हवालदाराने बजावलं. समोरच्या खांबाला टेकून दिपेश मोबाईल बघत उभा होता. आमच्याकडे बघत नव्हता, हेच वाईट.

नलिनी आधी गेली. बाहेर आली ती घामाने ओली. आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. चांगलं झालं की वाईट, काही कळेना. मग कल्पिता. ती तर रडतच आली. हवालदाराने तिला लांब नेऊन बसवलं. मग कमळचं नाव पुकारलं. कमळ उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. पदर नीट केला आणि गेली.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. थोडं कमळने सांगितलं, थोडं सरकारने गुणाजीला दिलेल्या वकीलबाईने. दोघींचं तंतोतंत जुळत नाही, तेव्हा मी सांगते त्यात चारदोन गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या असतील.

सरकारी वकिलाने नलिनीला तीनदा तेच सांगायला लावलं होतं. तिने तीनदा एकही शब्द न बदलता सांगितलं. कल्पितानेही तसंच सांगितलं. तो म्हणाला, "आधीच्या बाई हेच म्हणाल्या, याच शब्दांत. कुठे पाठ केलंत?" आणि मग त्याने विचारलं, "सोलायला कशा बसता?" कल्पिता म्हणाली, "गोल." तो म्हणाला, "मग चौघींची तोंडं भिंतीकडे कशी?"

तिथेच सगळं बुडालं होतं. गुणाजी पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता.

कमळ आली. शिट्ट्या किती, विचारल्यावर म्हणाली, "दोन."

"तुमच्या मैत्रिणी तीन म्हणतात. खोटं कोण बोलतंय?"

"तीन आम्हांला शिकवल्या, साहेब. सगळ्यांचं जमावं म्हणून. मला भीती वाटते म्हणून मी शिकले नाही." वकीलबाई म्हणते, तेव्हा जयवंत मागच्या बाकावर डोकं धरून बसला. कमळ पुढे बोलत राहिली. आवाज इतका बारीक होता की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. "नलिनीचं तोंड खाडीकडे होतं, तिला एक ऐकू आली असेल. कल्पिता रस्त्याकडे, तिथे गाड्या. तिला सारखी वाजल्यासारखी वाटली असेल. पोलिसांकडे त्यांनी तसंच सांगितलं होतं, ते बघा. किती वाजली त्यात आम्ही चुकत असू, साहेब. वाजली नाही असं आमच्यातली एकही म्हणाली नाही."

मग मला बोलावलं.

बाहेर बसून मला यातलं काही माहीत नव्हतं. कमळ समोरून आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मी आत शिरले ते तीन म्हणायचं की दोन, या विचारातच. दिपेशने सांगितलेली चक्कर आता येते की मग येते, असं वाटत होतं.

"आजी, भिंत पडताना तुम्ही पाहिली?" सरकारी वकील साहेबाने विचारलं.

शिकवलेलं 'हो' माझ्या जिभेवर होतं. गुणाजीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हे 'हो' म्हटलं की तो सुटला. आणि लगेच वाटलं, हे 'हो' म्हटलं आणि साहेबाने पुढचं विचारलं की तो गेला.

"नाही," मी म्हटलं. "माझी पाठ होती."

"मग तुम्ही काय पाहिलं?"

"कमळचं तोंड."

कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही. "म्हणजे?"

"ती माझ्यासमोर बसते. शिट्टी वाजली तेव्हा तिने मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून मागे बघितलं. नलिनीनेही खाडीकडची मान फिरवली. कल्पितानेही. तिघींची तोंडं एकदम माझ्या मागे वळली. मी म्हणाले, काय गो? एवढं बोलण्याइतका वेळ होता, साहेब. मग आवाज झाला. शिट्टी किती वेळा, ते मला नाही सांगता येत. पण माझं बोलून झालं आणि मग भिंत पडली."

साहेबाने बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाला, "हे तुम्हांला कोणी शिकवलं?"

"शिकवलं होतं ते वेगळंच होतं," मी म्हटलं. "ते मी विसरले."

निकाल चार महिन्यांनी लागला. ते चार महिने कमळ रात्रीची माझ्याकडेच निजायला यायची. मोटरसायकलचा आवाज आला की दोघी उठून बसायचो आणि एकमेकींना म्हणायचो, दुसऱ्या कोणाची असेल. सेवरीनबाय त्याच दिवसांत गेली. नलिनीने कमळशी बोलणं सुरू केलं, म्हणजे तिला शिव्या देणं सुरू केलं, तेच ते.

गुणाजी सुटला. मशीन कोणाच्या सांगण्यावरून भिंतीला लागलं, याची चौकशी आता चालू आहे म्हणतात. दिपेश दिसत नाही. दिसत नाही म्हणूनही कमळ भिते.

सुटल्यावर आठवड्याभराने गुणाजी आला. आम्ही चौघी सोलत बसलो होतो. तो बाजूला उकिडवा बसला. आम्हांला वाटलं, पाया बिया पडतो की काय. नलिनीने हात पुसले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एक सांगतंय. रागावा नको. माका आठवनाच नाय, मी शिट्टी वाजवलंय काय नाय ती."

नलिनीने पुसलेले हात परत कोळंबीत घातले.

"दोन वरसां आठवून बघतंय. खुर्ची आठवता, धूळ आठवता. मधला कायच नाय. झोपलंय होतंय काय मी?"

"वाजवलीस रे," कमळ म्हणाली. "दोनदा."

"एकदा. लांब," नलिनी म्हणाली.

कल्पिता काहीतरी म्हणणार होती, पण गुणाजी एकट्या कमळकडे बघत होता. भिंतीकडे तोंड होतं ते तिचंच, हे त्याला आता माहीत होतं.

"प्रितमान आयकल्यान काय गो ती?"

कमळने माझ्याकडे बघितलं. कोर्टात हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही तिने ते फक्त एकदा, रात्री सांगितलं होतं. प्रितमने शिट्टी ऐकली होती. ऐकून त्याने शिट्टीकडे बघितलं होतं, गुणाजीकडे. भिंतीकडे नाही, आणि उठायच्या आत भिंत त्याच्यावर आली होती.

"ऐकली," कमळ म्हणाली. "मान वर केली त्याने."

गुणाजी अजून बसून होता. तो पुढचं विचारेल म्हणून कमळचे हात कोळंबीत तसेच थांबले होते, आणि मी देवाला म्हणत होते की त्याने विचारू नये, कारण विचारलं तर ती सांगेल.